तिसऱ्यांदा नीट : बसतेय की बसवताय?

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यात तलाठी आहे. मुलीनं दोनदा नीट दिली, दुसऱ्या वेळी ४३८ मार्क पडले. तिसऱ्यांदा बसवायचं ठरवून लातूरच्या क्लासला ॲडव्हान्स भरला, मगच तिला सांगितलं. ती म्हणते, मला जमीन वापराचं मॉडेलिंग करायचंय. कुठं शेती, कुठं जंगल, कुठं कारखाना, याचा देशपातळीवरचा हिशेब म्हणे. ब्रिटनचं काहीतरी वाचलंय तिनं. जमिनीच्या कामात माझी हयात गेली, त्यात काही राम नाही. सहा महिन्यांच्या जीआयएस, म्हणजे संगणकावरच्या नकाशांच्या, कोर्सनं हे येत असेल तर सुट्टीत करेल. तिला समजवा.

उत्तर : तुमच्या मूळ पत्रात कटऑफ आहेत, हॉस्टेलची फी आहे, शेजाऱ्यांच्या मुलाला मिळालेली सीटही आहे. मुलीचं म्हणणं तेवढं दोन ओळींत उरकलंय, तेही ‘म्हणे’ लावून. मार्कांपेक्षा मला याचीच काळजी वाटते. मतदान करणारी मुलगी आहे. तिच्या आयुष्यातल्या एका अख्ख्या वर्षाचे पैसे भरताना तिला आधी विचारायला काय हरकत होती? ॲडव्हान्स बुडेल म्हणाल, तर बुडू द्या.

तिसऱ्या प्रयत्नात यश मिळवणारी मुलं मी पाहिली आहेत. ती हट्टानं स्वतःहून बसलेली असतात. बसवलेली मुलं दिवाळीनंतर टेस्टचे मार्क घरी सांगायचं बंद करतात, फोनवर ‘चाललंय बरं’ एवढंच म्हणतात, आणि आई-बापांना वाटतं पोरगं अभ्यासात बुडालंय. तेव्हा तिला समजवायचं काम माझ्याकडे देऊ नका. मी तुम्हालाच समजवणार आहे.

आता तो जीआयएसचा कोर्स. सॉफ्टवेअर आलं की हा विषय आला, हा समज अगदी सुशिक्षित घरांतही आहे आणि तो साफ चुकीचा आहे. मुलीनं बहुधा ब्रिटनच्या २०११ च्या राष्ट्रीय परिसंस्था मूल्यांकनाबद्दल वाचलं असावं. त्या कामात अर्थतज्ज्ञ इयन बेटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशाचे छोटे छोटे चौकोन पाडले. प्रत्येक ठिकाणी शेतकरी काय पिकवेल, त्याला काय मिळेल, किती कार्बन हवेत जाईल, लोक तिथं फिरायला किती येतील, हे सगळं मांडलं. निव्वळ बाजारभावावर जमिनीचा वापर ठरवला तर देश एकूणात तोट्यात जातो, असं त्यातून निघालं. झाडांचंच घ्या. जमीन स्वस्त म्हणून झाडं लांबच्या डोंगराळ भागात लावली जात. स्कॉटलंडच्या उत्तरेला फ्लो कंट्रीत तर करसवलतीपायी पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या) दलदलीत चर खणून लागवड झाली. पीट सुकलं की हजारो वर्षं साठलेला कार्बन सुटतो. ती सवलत १९८८ मध्ये बंद झाली. २०१५ मध्ये सरकारच्याच नैसर्गिक भांडवल समितीनं सांगितलं की शहरांजवळ अडीच लाख हेक्टरपर्यंत नवी झाडी लावा, वर्षाला ५० कोटी पौंडांहून जास्त निव्वळ फायदा होईल. या सगळ्यात नकाशा सर्वांत शेवटी येतो. आधी अर्थशास्त्र लागतं, संख्याशास्त्र लागतं, माती-पाणी कळावं लागतं.

आणि माती-पाणी तुम्हाला कळतं की! सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला नालायक, म्हणून लागलेल्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) पावसाळ्यात काय उगवतं, कोणाची गुरं चरतात, तिथं मुरलेलं पाणी खाली कोणाच्या विहिरीला लागतं, हे तलाठ्याइतकं कोणाला माहीत? उपग्रहाच्या चित्रात तो नुसता खडक दिसतो. मॉडेलमध्ये त्याची किंमत शून्य धरली की तिथं कुठलाही प्रकल्प फायद्याचाच निघतो. तो शून्य कोणी आणि कशावरून लिहिला, हे विचारणारी माणसं या क्षेत्रात हवीच आहेत. तुमच्या हयातीच्या कामात राम नाही असं तुम्ही म्हणता. मुलीला तो दिसलाय, एवढंच.

मुलीनंही हुरळून जाऊ नये. पश्चिम घाटाचं काय झालं ते तिनं वाचावं. केंद्र सरकारनं नेमलेल्या गाडगीळ समितीनं २०११ मध्ये साधारण नऊ-नऊ किलोमीटरचे चौकोन पाडून पर्यावरणाच्या दृष्टीनं घाटाची प्रतवारी केली. त्यानंतर नेमलेल्या कस्तुरीरंगन गटानं २०१३ मध्ये वेगळी पद्धत वापरून सुमारे ६० हजार चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनशील ठरवलं. त्यावर अधिसूचनेचे मसुदेच निघत राहिले. सहावा मसुदा जुलै २०२४ मध्ये आला, तोही वायनाडची दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी. जमीन हा राज्यांचा विषय, आणि गावाला न विचारता रेघ मारली तर गावही पेटतं. हे पचवता आलं पाहिजे. नोकऱ्या मोजक्या आहेत, पगार डॉक्टरांएवढे नाहीत.

वाट सरळ आहे : पदवी अर्थशास्त्रात किंवा संख्याशास्त्रात, पुढे जॅम (आयआयटीतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) किंवा अर्थशास्त्रासाठी पुण्याची गोखले संस्था, जिओइन्फर्मॅटिक्स, म्हणजे नकाशा-उपग्रहांच्या माहितीचं शास्त्र, त्यानंतर. मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजनाची केंद्रीय संस्था आपल्या नागपुरातच आहे.

एक गोष्ट पत्रात नाही : बारावीला गणित होतं का? जीवशास्त्रासाठी सोडलं असेल तर अडचण आहे, कारण अनेक चांगल्या कॉलेजांत त्याशिवाय अर्थशास्त्र-संख्याशास्त्राला घेत नाहीत. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून तेवढा एक विषय देता येतो. मात्र ते कॉलेजला चालेल का, हे फॉर्म भरण्याआधी फोन करून विचारा. फोन तिलाच करू द्या.