बीपीचं मशीन घेतलंत, आता एवढं करा

भाऊ, पहिल्या आठवड्यातले आकडे बघून घाबरू नका. नेहरू पार्कात भरभर चार चकरा मारून आलात आणि लगेच पट्टा बांधलात, तर आकडा चढलेला दिसायचाच. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नाही, आणि दंड छातीच्या पातळीला. आधी अर्धा तास चहा नको. मिनिटभरानं पुन्हा मोजा, दोन्ही आकडे वहीत लिहा. डॉक्टरांना ती वही दाखवा. एका दिवसाच्या आकड्यावरून फारसं कळत नाही.

मिठाचं मात्र मनावर घ्याच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. आपण इंदूरकर तर पोह्यांवर शेव, वरणभातावरही शेव! मी ती रविवारपुरती ठेवली. सुरुवातीला जेवण अळणी लागलं, मग जीभ सरावली.

आकडे उतरले म्हणून गोळी आपल्या मनानं सोडू नका. आणि छातीत दाब, दरदरून घाम, हातात किंवा जबड्यात कळ आली तर गॅस समजून ओवा चावत बसू नका, सरळ १०८ लावा.