परदेशी विद्यापीठाबरोबर यूझेबिलिटीचे, म्हणजे वापरसुलभतेचे, संयुक्त संशोधन करताना आपल्या वाट्याला केवळ माहिती गोळा करण्याचे काम येऊ नये, यासाठी काय करावे?

आपण एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवता, युरोपातील एका विद्यापीठाने शेतकऱ्यांसाठी केलेल्या मोबाईल ॲपच्या चाचण्यांसाठी आपल्याकडे सहकार्याचा प्रस्ताव पाठवला आहे, आणि त्यात गावे निवडणे, सहभागी मिळवणे, भाषांतर करणे व ध्वनिमुद्रणे तिकडे पाठवणे एवढेच आपले काम दिसते, असे आपण लिहिले आहे. मी पुण्यात इंटरॅक्शन डिझाइन शिकवतो आणि अशा संयुक्त प्रकल्पांत काम केलेले आहे. प्रस्ताव नाकारू नये असे मला वाटते. पण चाचणीची पद्धत ठरवण्यात आपला वाटा लेखी मान्य होईपर्यंत त्यावर सहीही करू नये.

ही मागणी मानापमानाची नाही, संशोधनाच्या खरेपणाची आहे. मातीचा नमुना पाकिटात घालून कोणत्याही प्रयोगशाळेत पाठवला तरी त्यातले नत्र बदलत नाही. माणसाचे उत्तर मात्र विचारणारा कोण आहे यावर बदलते, आणि आपल्या विषयात उत्तर हेच मोजमाप असते. संगणकशास्त्रातील संशोधक निकोला डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेंगळुरूमध्ये ४५० मुलाखती घेऊन हे दाखवले. तो शोधनिबंध माणूस व संगणक यांच्यातील संवादावरील सीएचआय या आंतरराष्ट्रीय परिषदेत २०१२ मध्ये आला. दोन पर्याय अगदी सारखे असतानाही त्यातला एक मुलाखत घेणाऱ्याने तयार केला आहे असे वाटले, की लोक त्याला सुमारे अडीचपट अधिक पसंती देत होते. विचारणारा परदेशी असून मध्ये दुभाषा असेल, तर हे प्रमाण पाचपटींवर गेले. त्याचा पर्याय मुद्दाम उघडपणे निकृष्ट केला, तरी लोकांनी त्यालाच चांगले म्हटले. आपल्याला आलेल्या प्रस्तावात परदेशी संशोधक, त्यांचे स्वतःचे ॲप आणि दुभाषा ही तिन्ही एकत्र आहेत, हे त्यांना पहिल्याच बैठकीत सांगावे.

दुसरा दाखला अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील आहे. तेथे वत्रपू आणि पेरेझ-क्विन्योनेस या संशोधकांनी भारतीय सहभागींच्या मुलाखती एका भारतीय आणि एका अमेरिकन मुलाखतकाराकडून घेतल्या, आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार भारतीय मुलाखतकारापुढे सहभागींनी अधिक अडचणी दाखवल्या व अधिक सूचना केल्या. पाहुण्याला नावे ठेवू नयेत हा आपला संस्कार समुद्रापलीकडेही सुटत नाही, असे मला त्यातून दिसते.

सहकार्य कसे असावे याचा माझ्या मते उत्तम नमुना म्हणजे कोपनहेगन बिझनेस स्कूल, आयआयटी गुवाहाटी आणि बीजिंगमधील चिनी विज्ञान अकादमी यांच्या संशोधकांनी मिळून केलेले काम. सहभागीने काम करता करता मनातले मोठ्याने बोलत राहायचे, ही यूझेबिलिटी चाचणीची सर्वांत रूढ पद्धत त्यांनी तपासणीखाली घेतली. टॉर्किल क्लेमेनसेन, प्रदीप यम्मियावार आणि इतरांच्या २००९ च्या लेखात तिचे चार घटक वेगळे काढले आहेत: सूचना व कामे, सहभागीचे बोलणे, निरीक्षकाने सहभागीच्या बोलण्या-वागण्याचा अर्थ लावणे आणि दोघांमधले एकूण नाते. संस्कृतीचा परिणाम या चारही ठिकाणी कसा होऊ शकतो, याची तेथे चर्चा आहे. हा लेख आपल्या सहकाऱ्यांसमोर ठेवा, कारण पद्धतीच्या कोणत्या भागात आपला हात असला पाहिजे याचा आराखडा त्यातच सापडतो.

पद्धत येथून घडू शकते याचे एक उदाहरण मुंबईचे आहे. यूझेबिलिटीच्या तज्ज्ञ अपला लाहिरी-चव्हाण यांनी ‘बॉलिवूड पद्धत’ मांडली. सहभागीला ‘विमानाचे तिकीट काढा’ असे कोरडे न सांगता, भाचीचे लग्न ठरले आहे, तेवढ्यात नवरा मुलगा गुन्हेगारी टोळीतला असून आधीच विवाहित असल्याचे कळते, म्हणून तातडीने बंगळूर गाठायचे आहे, असा प्रसंग दिला जातो. एरवी गप्प बसणारी माणसे त्या प्रसंगात शिरली की संकेतस्थळावर चिडतात, अडले की स्पष्ट बोलतात.

माझा स्वतःचा अनुभवही असाच आहे. जुन्नर तालुक्यात एका चाचणीत अंगणवाडी सेविका ताई एकच बटण पुन्हा पुन्हा दाबत होत्या, पडदा पुढे सरकत नव्हता, आणि शेजारी बसलेल्या पाहुण्या संशोधकाने काय वाटते असे विचारले की “छान आहे सर, सोपं आहे” असेच उत्तर येत होते. नंतर त्यांच्या मैत्रिणीला शेजारी बसवून एकच फोन दोघींच्या हाती दिला आणि आम्ही मागे सरलो. “अगं, हे दाबलं तर नाव पुसलं जाईल ना?” हा पहिला उपयोगी प्रश्न तेव्हा ऐकू आला. जोडीने चाचणी घेण्याचे तंत्र जुनेच आहे. ते केव्हा वापरायचे हे ठरवण्याचा अधिकार मात्र मैदानावरच्या माणसाकडे असला पाहिजे.

म्हणून करारात चाचणीचा आराखडा संयुक्तपणे ठरेल, पहिली प्रायोगिक फेरी झाल्यावर तो बदलण्याची मुभा असेल, मराठी ध्वनिमुद्रणांचे पहिले विश्लेषण मराठीतूनच येथे होईल आणि लेखकांची नावे व क्रम आधी ठरेल, हे लिहून घ्या. हे ॲप आम्ही बनवलेले नाही आणि नापसंती सांगितली तर आम्हाला मदतच होईल, हे सहभागीला कोण व कसे सांगणार, तेही आराखड्यात हवे. आपल्या विद्यार्थ्याने तिकडच्या शेतकऱ्यांवर चाचण्या घ्याव्यात, अशीही मागणी करा; ती मान्य झाली तर सहकार्य दुतर्फा होते. संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता आणि परदेशी निधीचे नियम कुलसचिव कार्यालयात आधीच विचारून घ्यावेत. निधीसाठी परदेशी संस्थांबरोबरच्या संयुक्त संशोधनासाठी असलेली शिक्षण मंत्रालयाची २०१८ पासूनची स्पार्क योजनाही पाहावी; तिचे समन्वयन आयआयटी खरगपूर करते.

या अटी घालताना संकोच करू नका, कारण गरज त्यांनाही आहे. २०१६ ते २०२० या काळातील सीएचआय परिषदेच्या निबंधांची पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या पाहणीनुसार ७३ टक्के निष्कर्ष पाश्चात्त्य सहभागींवर आधारलेले होते, आणि ती लोकसंख्या जगाच्या १२ टक्क्यांहून कमी आहे. शिवाय २०१७ मध्ये आयएफआयपी या माहिती-तंत्रज्ञानातील आंतरराष्ट्रीय संघटनेची, याच विषयावरील इंटरॅक्ट परिषद पवईच्या आयआयटीत भरली होती, तेव्हा येथील संशोधकांची ओळख तिकडे नवी नाही. उत्तर पाठवण्यापूर्वी त्यांच्याकडून चाचणीचा कच्चा आराखडा मागवा, आपल्या ओळखीच्या दोन-तीन शेतकऱ्यांबरोबर तो करून पाहा, आणि जेथे अडेल तेथील दुरुस्त्या आपल्या अटींसोबतच जोडून पाठवा.