मांगरातली मॉरिस आणि कायम फुल्ल दाखवणारा काटा

प्रश्न: आजोबांची १९५८ सालची मॉरिस मायनर १००० आमच्या मांगरात बरीच वर्षं नुसती उभी होती. इंजिन आता चालतं, पण टाकीतून तांबूस गाळ येतो आणि पंपाची जाळी सारखी तुंबते. मेकॅनिक म्हणतो, टाकीत केमिकलचा थर ओतून टाकू, मग बघायला नको. बाबा म्हणतात, टाकीच नवी मागवा. शिवाय चावी फिरवली की पेट्रोलचा काटा झटकन फुल्लवर जाऊन बसतो, टाकीत थेंब नसला तरी. आधी काय करावं?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: आधी काटा बघा. टाकी उघडायच्या आधीच ते उरकलेलं बरं, कारण तारांशी खेळताना ठिणगी पडते आणि उघड्या टाकीपाशी ठिणगी नको. डिकी उघडून वारा जाऊ द्या, टाकीचं झाकण घट्ट बंद ठेवा, पेट्रोलचा वास येत असेल तर त्या दिवशी हात लावू नका.

तुमच्या गाडीचा काटा मधल्या मोठ्या स्पीडोमीटरच्या तबकडीतच असतो. म्हणून लोक आधी ती तबकडी बाहेर ओढतात आणि नसलेलं दुखणं घेऊन बसतात. तिला हात लावू नका. त्या काळच्या स्मिथ्स कंपनीच्या काट्याची रीत अशी की टाकीकडून येणारी तार तुटली किंवा सुटली तर काटा फुल्ल दाखवतो, आणि तीच तार बॉडीला टेकली तर रिकामं दाखवतो. १९६४ नंतरच्या गाड्यांत हळूहळू चढणारा काटा आला, त्याचा हिशोब नेमका उलटा. तुमचा झटकन जातो म्हणता, म्हणजे जुनाच. टाकीवरच्या सेंडरची, म्हणजे पेट्रोलची पातळी काट्याला कळवणाऱ्या भागाची, तार काढा, लांबची एखादी स्वच्छ खरवडलेली जागा बघून बॉडीला टेकवा आणि दुसऱ्या माणसाला काट्याकडे बघायला सांगा. काटा रिकाम्यावर आला तर काटाही ठीक, तारही ठीक. दोष राहिला सेंडरमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये.

माझा संशय अर्थिंगवर. सेंडरला परतीची वाट टाकीच्या पत्र्यातूनच मिळते. कोणीतरी हौसेने टाकी रंगवली, खाली नवं रबर घातलं, स्क्रू गंजले, की ती वाट बंद. सेंडरच्या एका स्क्रूपासून बॉडीपर्यंत वेगळी तार टाकून बघा. अर्धी दुखणी तिथेच संपतात. नाही संपलं तर सेंडर बाहेर काढून ओहम मोजणारा मीटर लावा: सेंडरची दांडी तळाला असताना शून्याच्या आसपास आणि वर नेली की सुमारे ७० ओहम यायला हवेत. मधेच आकडा गायब झाला तर आतली बारीक तार तुटली आहे. मग नवा सेंडर घ्या, या गाडीचे आजही मिळतात.

सेंडर हातात आहे तोवर दांडीच्या टोकाचा, पेट्रोलवर तरंगणारा तरंगाही बघा. पितळी असेल तर कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर भोक पडलंय. कॉर्कचा असेल तर तो बदलाच. जुन्या कॉर्कवर लाखेचा लेप असतो, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. लेप गेला की कॉर्क पेट्रोल पितो आणि बुडतो.

आता टाकी. मायनरची टाकी साडेसहा गॅलनची, म्हणजे ३० लिटरला थोडी कमी. डिकीच्या तळाला ती स्क्रूंनी धरलेली असते. पेट्रोल खालच्या बुचातून पत्र्याच्या डब्यात काढा, प्लास्टिकच्या बाटलीत नको आणि कुळागरात तर अजिबात ओतू नका. आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची. स्फोट वाफेचा होतो. हवेत दीड टक्क्याच्या आसपास पेट्रोलची वाफ असली तरी ती पेटू शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने टाकीतच बसून राहते. मांगरात चूल असेल तर हे काम माडाखाली करा.

पुष्कळ लोक टाकी उतरवली की सरळ ॲसिड ओततात. जुनं पेट्रोल सुकून पत्र्यावर वार्निश बनतं आणि त्याच्याखालच्या गंजापर्यंत ॲसिड पोचतच नाही. म्हणून पहिल्यांदा गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. मूठभर नट किंवा साखळीचा तुकडा आत टाकून खळखळवा. नट मोजून टाका, मोजून काढा. शेजारी घराचं काम चालू असेल तर कंत्राटदाराकडून रात्रीपुरता काँक्रीट मिक्सर मागून आणा, टाकी गोधडीत गुंडाळून त्यात बांधा आणि हळूहळू फिरवा. हाताने हलवण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.

मग गंजासाठी सायट्रिक ॲसिड, लिटरला ५० ते १०० ग्रॅम. विनेगरनेही काम होतं, फक्त वेळ लागतो. माडाचं विनेगर मात्र काढू नका, ते सोरपोतेल रांधायला ठेवा, बाजारातलं पांढरं पुरे. संडास धुवायचं ॲसिड नको. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं, आणि तुमच्या टाकीवर मुळात शिसे-कथिलाचा पातळ मुलामा असतो. टाकी काठोकाठ भरा, अर्धी भरली तर पाण्याच्या रेषेवर गंजाची किनार राहते. झाकण सैल ठेवा, आत वायू तयार होतो. एका दिवसाने बघा, गरज असली तर पुन्हा. ओतून टाकल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. हळूच घाला, फेस येतो.

इथून पुढे घाई करा. ओला उघडा पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो. शेवटचं पाणी निघालं की लगेच पॉलिशवाल्यांकडचा स्पिरिट आत फिरवून ओता आणि टाकी उन्हात उपडी घाला. हेअर ड्रायर लावू नका, स्पिरिटची वाफ पेटायला तो पुरेसा आहे. हे काम आपल्याकडे मे महिन्यापर्यंतच. जूनमध्ये सुरू केलंत तर सुकण्याआधीच गंजेल. सुकल्यावर टू-स्ट्रोक ऑइल थोडं आत फिरवा किंवा सरळ पेट्रोलने भरा.

आता तुमच्या मेकॅनिकचा थर. मी लावत नाही. जुन्या प्रकारचे काही थर इथेनॉलने सुटतात आणि त्याचे पापुद्रे पंपात जाऊन बसतात. इथेनॉलला टिकणारे इपॉक्सी मिळतात, पण तेही आतला पत्रा पूर्ण स्वच्छ आणि कोरडा असेल तरच धरतात. तितका स्वच्छ केलात तर थराची गरजच काय? सुईच्या टोकाएवढी भोकं असतील तर बाहेरून कथिलाचा डाग मारून घ्या. डाग मारणाऱ्याला टाकी पाण्याने जवळजवळ भरून डाग मारायला सांगा, आणि तो नको म्हणाला तर दुसरा शोधा. तळाचा पत्रा बोटाने दबत असेल तर बाबांचं बरोबर: नवी टाकी मागवा.

गाडी जोडल्यावर पाच-पाच लिटर घालत काटा कुठे येतो ते लिहून ठेवा. पंपाची जाळी पहिल्या महिन्यात पुन्हा बघा. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या जागेत ओलावा धरतो. फक्त ते पेट्रोल वर्षभर तसंच ठेवू नका. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि दोन्ही मिळून तळाला बसतात, आणि तुमची नळी उपसते ती तळातूनच.

प्रश्न: फोंड्याहून अनमोड घाट चढताना पद्मिनी बंद पडते. टाकीचं झाकण उघडलं की सुस्कारा ऐकू येतो आणि थोड्या वेळाने गाडी पुन्हा चालू होते. पंप बदलू का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: नको. पेट्रोल जाईल तितकी हवा आत यायला हवी. झाकणातली किंवा टाकीच्या नळीतली हवेची वाट बुजली आहे. धुळीने किंवा कुंभारीण माशीच्या मातीने बुजते. बारीक तारेने साफ करा आणि पुन्हा घाट चढून बघा. बाजारातून दुसरं झाकण आणलं असेल तर ते बिनभोकाचं आहे का, तेही बघा.