पहिलीच क्विल्ट स्पर्धा : वाचकांचे प्रश्न

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या एनईसी (नॅशनल एक्झिबिशन सेंटर) या प्रदर्शन-केंद्रात दर वर्षी जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये ‘फेस्टिव्हल ऑफ क्विल्ट्स’ भरतो. क्विल्ट म्हणजे थर एकत्र शिवून केलेलं, गोधडीसारखं पांघरूण; त्यांची तिथे स्पर्धाही असते. २००३ पासून चालत आलेल्या या चार दिवसांच्या प्रदर्शनात यंदा पहिल्यांदाच उतरणाऱ्या वाचकांचे प्रश्न बरेच आले. त्यातले निवडक इथे घेतले आहेत.

प्रश्न : जुन्या सुती साड्यांची, हाताने धावदोरा घातलेली गोधडी केली आहे. आत वॅडिंग (मधला भरणाचा थर) नाही, साड्यांचेच थर आहेत. अशी गोधडी तिथे चालेल का? (लेस्टर)

तिथे बहुतेक वर्गांत आधी छाननी होत नाही, हा तुमच्या दृष्टीने मोठा फायदा. ह्यूस्टन किंवा पडूकाच्या अमेरिकी प्रदर्शनांत फोटो पाहून निवड होते आणि बरेचसे अर्ज तिथेच गळतात. बर्मिंगहॅमला वेळेत फॉर्म आणि शुल्क भरलं, नियमांत बसलात, की क्विल्ट भिंतीवर लागतं. मात्र प्रत्येक वर्गाची व्याख्या वेगळी असते, त्यामुळे थरांबद्दलचं वाक्य नीट वाचा. मधल्या साड्या हेच गोधडीचं भरण, असं आमचं मत. पण मत आमचं आणि नियम त्यांचा. फॉर्म भरण्याआधी आयोजकांना दोन ओळींची मेल टाका आणि उत्तर जपून ठेवा.

खरी काळजी वेगळीच आहे. अंथरलेल्या गोधडीचं वजन जमिनीवर असतं, टांगलेल्या गोधडीचं सगळं वजन वरच्या कडेवर येतं. तिथे विरलेली साडी असेल तर चार दिवसांत टाक्यांच्या भोकांपासून फाटत जाईल. वरच्या कडेला मागून ५-६ इंच रुंदीची नव्या सुती कापडाची पट्टी लावा, तिचे टाके दोन-तीन थरांतून घ्या आणि टांगायचा दांडा घालण्याची कापडी नळी त्या पट्टीवर शिवा. धावदोरा बारीक असण्यापेक्षा सारखा असणं महत्त्वाचं. परीक्षक क्विल्ट उलटूनही बघतात. मागे लोंबणारे दोरे आणि गाठी लगेच दिसतात. दोऱ्याचं टोक सुईने आतल्या थरात ओढून घ्या.

प्रश्न : माझं क्विल्ट ६० बाय ८० इंचांचं आहे. मागे टांगण्यासाठी नळी शिवायला सांगितली आहे. ती कशी शिवायची? मैत्रिणीच्या क्विल्टवर पुढून आडवा फुगवटा दिसत होता. (स्लाऊ)

बहुतेक मोठ्या प्रदर्शनांना ४ इंची नळी लागते. तरी तुमच्या फॉर्मवरचं माप आधी बघा. ६० इंच रुंदीसाठी ९ बाय ६० इंचांची सुती पट्टी कापा. दोन्ही आखूड बाजू अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून टीप मारा, म्हणजे लांबी ५८ इंच उरते आणि दोन्हीकडे एकेक इंच मोकळा राहतो. हा मोकळा इंच हवाच, कारण दांड्याची टोकं तिथे टेकतात. आता सुलट बाजू बाहेर ठेवून पट्टी लांबीत दुमडा आणि अर्धा इंच सोडून टीप मारा. शिवण उघडून इस्त्री करा. ही शिवण क्विल्टच्या पाठीकडे, नळीच्या मधोमध राहू द्या.

फुगवट्याचं कारण नळी सपाट शिवणं. दांड्याला जाडी असते. नळीत ढिलाई नसेल तर ती जाडी क्विल्टला पुढे ढकलते. म्हणून नळीची वरची कड बाइंडिंगच्या (क्विल्टच्या कडेला लावलेल्या पट्टीच्या) जरा खाली पक्की करा, मग खालची कड जिथे सहज टेकते तिथून अर्धा इंच वर सरकवून टाचण्या लावा. नळीचा बाहेरचा पदर थोडा फुगलेला राहील आणि दांडा त्या फुगीत बसेल. हेमिंगचे टाके पाठीचं कापड आणि वॅडिंग धरून घ्या, पुढे एकही दिसता कामा नये. दोन्ही टोकांना नळीचा आतला पदरही पाठीला शिवा. हे हमखास राहून जातं, आणि मग टांगणारी माणसं दांडा नळीत घालण्याऐवजी नळी आणि क्विल्टच्या मध्ये सारतात.

प्रश्न : जमिनीवर सपाट दिसणारं क्विल्ट उभं धरलं की खालच्या कडा लाटांसारख्या हलतात. शिवाय निळ्या पेनाच्या रेषा पुसल्या होत्या, त्या पुन्हा दिसतायत. (नाशिक)

लाटा बहुधा बॉर्डरच्या. लांब पट्टी लावत जायचं आणि उरलेली कापून टाकायची, या पद्धतीत कड ओढली जाते आणि बॉर्डर क्विल्टपेक्षा लांब होते. पुढच्या वेळी क्विल्ट मधोमध आणि दोन्ही कडांजवळ मोजा, सरासरी काढा, तेवढीच पट्टी कापा आणि टाचण्यांनी बसवून शिवा. आत्ताच्या क्विल्टला ब्लॉकिंग करून बघा, म्हणजे भिजवून, ओढून चौकोनात सुकवा. आधी लाल, निळ्या आणि ठशांच्या कापडांवर ओला पांढरा रुमाल घासा. रंग लागला तर ओलं करू नका. लागला नाही तर क्विल्ट गार पाण्यात भिजवून टॉवेलमध्ये दाबून घ्या, स्वच्छ चादरीवर पसरा आणि हाताने ओढून चौकोनात आणा. कर्ण मोजा. उदाहरणार्थ, ६० बाय ८० इंचांच्या क्विल्टचे दोन्ही कर्ण १०० इंच भरले पाहिजेत. एक ९९ आणि दुसरा १०१ निघाला तर क्विल्ट तिरकं आहे. पंखा लावून पूर्ण सुकेपर्यंत हलवू नका. लाटा फारच असतील तर बाइंडिंग उसवून बॉर्डर कमी करणं हाच उपाय, आणि तो कंटाळवाणा आहे.

रेषांचं म्हणाल, तर पेन कोणतं ते बघा. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाची शाई नुसत्या शिंतोड्याने वॅडिंगमध्ये उतरते आणि सुकताना वर येते. भरपूर गार पाण्यात बुडवा. रेषा जाईपर्यंत इस्त्री लावू नका, उष्णतेने ती पक्की होते. फ्रिक्शन पेनाचं उलट. त्याची शाई ६० अंशांच्या वर दिसेनाशी होते, पण कडक थंडीत, उणे १० अंशांच्या आसपास, परत उमटू लागते. ते वापरणार असाल तर त्याच कापडाचा तुकडा इस्त्री करून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. गडद कापडावर तर शाई गेल्यावरही फिका माग राहतो. स्पर्धेच्या क्विल्टवर हे पेन नकोच.

प्रश्न : पुण्याहून कुरिअरने पाठवायचं आहे. कागदांवर काय लिहू? (पुणे)

‘भेटवस्तू’ लिहू नका, ती खोटी माहिती ठरते. हाताने केलेलं क्विल्ट, प्रदर्शनासाठी, विक्रीसाठी नाही, प्रदर्शनानंतर परत येणार, असं स्पष्ट लिहा. किंमत खरी लिहा. ड्यूटी वाचवायला हजार रुपये टाकले तर हरवल्यावर विमाही हजाराचाच. फिक्की या उद्योग-व्यापार संघटनेकडून मिळणारं एटीए कार्नेट हे कस्टम्सचं कागदपत्र अशा तात्पुरत्या निर्यातीसाठीच असतं, पण त्याची फी आणि हमीची रक्कम बघता एका क्विल्टसाठी परवडत नाही. तेव्हा तात्पुरत्या आयातीची सवलत कशी मागायची हे कुरिअर कंपनीला आधीच विचारा. पुढून, मागून आणि लेबलचे फोटो काढा, जाताना मिळालेल्या सगळ्या कागदांच्या प्रती ठेवा. तेच क्विल्ट परत आलंय हे कस्टम्सला दाखवायला त्या लागतात.

क्विल्ट आधी प्लॅस्टिक पिशवीत, मग खोक्यात. पिशवीतही नाव-पत्त्याची चिठ्ठी टाका. घड्यांत साध्या कापडाच्या गुंडाळ्या ठेवल्या की कडक मोड पडत नाही. बंद करण्याआधी टाचण्या मोजा आणि चिकटपट्टीच्या रोलरने केस काढा. डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत, वास परीक्षकाच्या टेबलापर्यंत पोचतो.

प्रश्न : प्रत्यक्ष प्रदर्शनाच्या दिवशी काय करावं? (लंडन)

ट्रेनने बर्मिंगहॅम इंटरनॅशनलला उतरा, तिथून एनईसी चालत गाठता येतं. बूट आरामाचे हवेत, दिवसभर कडक फरशीवर चालायचं आहे. दार उघडताच आधी आपल्या क्विल्टकडे जा. दुकानांची गर्दी नंतरही असतेच. सरळ लागलंय का बघा आणि नंबराच्या पाटीसकट फोटो काढा. वाकडं असेल तर स्वतः हात लावू नका, स्वयंसेवकाला सांगा. परीक्षण उघडण्याआधीच झालेलं असतं.

मग आपल्याच वर्गातली बक्षिसं बघा, आधी दहा फुटांवरून आणि मग कडेशी जाऊन. बाइंडिंग सगळीकडे सारखं भरलंय का, कोपरे टोकदार आणि शिवून बंद केलेत का, एवढं बघितलं तरी निकाल बराचसा उलगडतो. मागची बाजू बघायची असेल तर पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेवकाला विनंती करा.

परीक्षकांचा शेरा दोन-तीन ओळींचाच असतो. ‘टेन्शन (मशीनच्या दोऱ्याचा ताण) सांभाळा’ म्हणजे खालचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसतोय; वरचं टेन्शन किंचित कमी करून त्याच जाडीच्या वॅडिंगवर नमुना शिवून बघा. परत घेण्याची पावती मात्र पर्समध्ये जपा. रविवारी संध्याकाळी बंद झाल्यावरच क्विल्ट हाती मिळतं आणि रांग मोठी असते, तेव्हा परतीचं तिकीट उशिराच्या गाडीचं काढा.