रोलाँ गारोस: 'ड' गाळा, 'स' ठेवा

प्रश्न असा आला आहे: "फ्रेंच ओपनच्या बातम्यांत कुठे 'रोलँड गॅरोस' तर कुठे 'रोलाँ गॅरो' छापतात. बरोबर कोणते? आणि हा गॅरोस कोणत्या काळातला टेनिसपटू?"

दुसरा प्रश्न आधी घेतो. तो टेनिसपटू नव्हताच. फ्रान्सचा लष्करी वैमानिक होता आणि पहिल्या महायुद्धात विमानातच मारला गेला. फ्रेंच ओपन जिथे होते त्या पॅरिसच्या स्टेडियमला त्याचे नाव लागले ते दोस्ताच्या हट्टामुळे, ती गोष्ट पुढे येईल.

आता उच्चार. पहिल्या शब्दातला शेवटचा 'ड' फ्रेंच माणूस उच्चारत नाही आणि त्याआधीचा स्वर नाकातून काढतो, म्हणून 'रोलाँ'. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असते. घोळ पुढच्या शब्दात होतो. फ्रेंचमध्ये शेवटचे व्यंजन गिळायचे, हा नियम ज्यांनी ऐकलेला असतो ते 'गॅरोस'मधला 'स'ही गिळून टाकतात. त्यांचे अगदीच चुकते असे नाही. पॅरिसला तिथे 'पारी' म्हणतात, कादंबरीकार द्युमाच्या नावाच्या शेवटी 'स' लिहितात पण बोलत नाहीत. मात्र गारोस हे आडनाव दक्षिण फ्रान्सकडचे. गास्कोनीत 16 व्या शतकात पे द गारोस नावाचा कवी होऊन गेला, तो तिथल्या बोलीतच कविता करायचा. त्या बाजूच्या कित्येक नावांत शेवटचा 'स' स्पष्ट ऐकू येतो. दक्षिण किनाऱ्यावरच्या फ्रेज्युस गावाचेही तसेच. म्हणजे 'गॅरो' ही फ्रेंच येणाऱ्याची चूक नव्हे, थोडेसे फ्रेंच येणाऱ्याची आहे! आणि 'गॅ'ची चंद्रकोर इंग्रजीतून आली. फ्रेंच स्वर आपल्या 'आ'च्या जवळचा. तेव्हा लिहावे 'रोलाँ गारोस'.

आता माणसाकडे वळू. जन्म 6 ऑक्टोबर 1888 चा, हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर, सँ-दनी शहरात. मॉरिशसचे शेजारी बेट. मॉरिशसमधल्या मराठी मंडळींना हे नाव विमानतळामुळे ओळखीचे असेल, कारण रेयुनियाँचा विमानतळ याच्याच नावाचा आहे. पोरवयात त्याला सायकल शर्यतींचा नाद होता. वडिलांच्या कानावर जाऊ नये म्हणून तो 'दानलोर' या नावाने उतरायचा. रोमन लिपीत 'रोलाँ'ची अक्षरे उलटसुलट केली की 'दानलोर' होते. शब्दखेळाची आवड असलेला वैमानिक आपल्या सदराला आणखी कुठून मिळणार!

23 सप्टेंबर 1913 ला त्याने फ्रेज्युसहून (हो, तेच 'स' बोलणारे गाव) उड्डाण केले आणि पावणेआठ तासांहून थोड्या जास्त वेळात ट्युनिशियातल्या बिझर्तला उतरला. भूमध्य समुद्र एका दमात ओलांडणारा तो पहिला. टाकीत जेमतेम पाच लिटर इंधन उरले होते. पुढच्याच वर्षी युद्ध पेटले आणि हा हवाई दलात दाखल झाला.

त्या वेळी लढाऊ विमान ही चीजच नीट तयार झालेली नव्हती. एकट्या वैमानिकाला सोयीचे म्हणजे मशीनगन नाकासमोर पक्की बसवायची आणि विमानच शत्रूवर रोखायचे. पण समोर पंखा फिरतोय. गोळी झाडली की स्वतःच्याच पंख्याचे तुकडे. गारोस आणि विमान बनवणाऱ्या मोरान-सोलनिए कंपनीचा रेमों सोलनिए यांनी यावर जो तोडगा काढला तो अक्षरशः ठोकाठोकीचा होता. पंख्याच्या पात्यांवर, नळीच्या रेषेत येतील अशा जागी, पोलादी पाचरी बसवल्या. बऱ्याचशा गोळ्या पात्यांच्या मधून निघून जायच्या, एखादी पात्यावर आदळलीच तर पाचरीवरून घसरून बाजूला उडायची. पंख्याला आणि इंजिनाला हादरे बसायचे ते वेगळेच. 1 एप्रिल 1915 ला याच जुगाडाने त्याने पहिले जर्मन विमान पाडले, त्याच महिन्यात आणखी दोन. 18 एप्रिलला मात्र त्याला जर्मनांच्या ताब्यातल्या बेल्जियममध्ये उतरावे लागले. विमान जाळायचा प्रयत्न केला, पण ते पुरते जळले नाही. पाचरी जर्मनांच्या हाती पडल्या आणि थोड्याच काळात जर्मनांच्या फोकर विमानांवर यापेक्षा सरस यंत्रणा आली: पाते नळीसमोर आले की बंदूक आपोआप थांबायची. पुढचे कित्येक महिने फ्रेंच आणि ब्रिटिश वैमानिकांना ती फार महागात पडली.

गारोस जवळजवळ तीन वर्षे कैदेत होता. फेब्रुवारी 1918 मध्ये तो आणि आन्सेल्म मार्शाल हा दुसरा वैमानिक जर्मन अधिकाऱ्यांचा गणवेश चढवून छावणीतून निसटले. मार्शालला जर्मन चांगले येत होते, त्यामुळे ते खपून गेले. हॉलंडमार्गे परत आल्यावर गारोस पुन्हा आघाडीवर गेला. 5 ऑक्टोबर 1918 ला वूझिएजवळ त्याचे विमान पाडले गेले. दुसऱ्या दिवशी त्याला तीस पूर्ण झाली असती.

आता तो हट्ट. 1927 मध्ये 'मस्केटिअर्स' म्हणून गाजलेल्या फ्रान्सच्या चौघा टेनिसपटूंनी अमेरिकेत जाऊन डेव्हिस चषक, म्हणजे देशादेशांमधली टेनिस स्पर्धा, जिंकला. पुढच्या वर्षीचा सामना पॅरिसला व्हायचा, म्हणून घाईघाईने स्टेडियम बांधायला घेतले. त्यात 'स्ताद फ्रान्से' या क्लबाचा हात होता, आणि त्याचा अध्यक्ष एमिल लेस्यर हा गारोसचा कॉलेजातला मित्र. गारोसचे नाव देणार असाल तरच क्लब मदत करेल, असे त्याने बजावले. टेनिस कोर्टला विमानवाल्याचे नाव लागले ते असे. आज तिथल्या प्रेक्षकांपैकी किती जणांना विमान आठवत असेल कोण जाणे. आपण तरी 'वानखेडेवर मॅच आहे' म्हणताना माणसाचा विचार कुठे करतो?

यातच एक जोडप्रश्न दडला आहे, तो कुणी विचारला नसला तरी सांगतो. टेनिसमधला 'एस' आणि लढाऊ वैमानिकांना लावतात तो 'एस' एकच का? मूळ एकच: पत्त्यांतला एक्का. फ्रेंचमध्ये 'आस' (इथेही शेवटचा 'स' बोलतात). युद्धकाळात फ्रेंच वर्तमानपत्रांनी बहाद्दर वैमानिकांना 'आस' म्हणायला सुरुवात केली आणि पुढे पाच विमाने पाडली की 'आस' असा दंडक पडला. या मानाचा पहिला धनी आदोल्फ पेगू, ज्याने युद्धाआधी हवेत कोलांट्या मारून गर्दी जमवली होती. तो ऑगस्ट 1915 मध्ये लढाईत मारला गेला. गंमत म्हणजे कैदेतून परतल्यावरचे एक धरूनही गारोसच्या खात्यावर विमाने चारच, म्हणजे काटेकोर हिशेबाने तो 'आस' नव्हे. आणि कोर्टवरच्या 'एस'ला फ्रेंच समालोचक स्वतःचा 'आस' सोडून इंग्रजी 'एस' वापरतात!

मराठीत मात्र दोन्ही वेगळे ठेवता येतात. टेनिसच्या बातमीत 'बिनतोड सर्व्हिस' रुळलेलीच आहे, ती झकास आहे. वैमानिकासाठी 'एक्का' बेलाशक वापरावा. 'एस' लिहिले की वाचणाऱ्याला आधी इंग्रजी अक्षर आठवते. "53 विमाने पाडणारा एक्का झॉर्झ गीनमेर" हे कुणालाही कळेल. हा गीनमेर 11 सप्टेंबर 1917 ला बेल्जियमवर नाहीसा झाला. तो इतका उंच उडाला की खाली येताच आले नाही, असे फ्रान्समध्ये शाळकरी पोरांना सांगत. 75 विमाने पाडलेला रने फोंक आकड्यात त्याच्या कितीतरी पुढे, पण लोकांच्या मनात गीनमेरची जागा त्याला कधी मिळाली नाही. फोंक स्वतःची तारीफ स्वतःच करायचा, हेही त्याला नडले असावे.

या मंडळींत लिहायला सर्वांत अवघड नाव लेखक-वैमानिक आंत्वान द सँतेक्झ्युपेरीचे. तो 31 जुलै 1944 ला कॉर्सिकाहून टेहळणीला निघाला आणि परतला नाही. मार्सेयजवळच्या समुद्रात सापडलेले अवशेष त्याच्याच विमानाचे आहेत हे 2004 मध्ये सिद्ध झाले. त्याचे नाव 'सेंट एक्झुपेरी' असे तोडून लिहू नये. 'सँ'पुढचा 'त' एरवी मुका असतो, म्हणून गारोसचे जन्मगाव 'सँ-दनी'. पुढे स्वर आला की तोच 'त' जागा होऊन त्याला चिकटतो: सँत + एक्झ्युपेरी. सरळ संधी आहे ही, आपल्याला समजायला काहीच जड नाही.

आता कुणी म्हणेल, मग 'राफेल'चे काय? फ्रेंच उच्चार 'राफाल', अर्थ वाऱ्याचा झोत किंवा गोळ्यांची फैर. पण ती विमाने जुलै 2020 मध्ये अंबाल्याला उतरली त्याच्या कितीतरी आधी, खरेदीच्या वादात 'राफेल' घरोघरी पोचले होते. रुळलेला शब्द आता उकरून काढण्यात अर्थ नाही. 'गारोस'चे तसे नाही. तिथे अजून चार प्रकार चालू आहेत, तर त्यातल्या त्यात बरोबर असलेला उचलावा. विभक्ती लावताना 'रोलाँ गारोसवर' म्हणावे, कारण ते मैदानाचे नाव. स्पर्धा सांगायची असेल तर 'फ्रेंच ओपनमध्ये' आहेच.