वाचकांचे प्रश्न : सेनेगलच्या शाळांची भाषा

प्रश्न : पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल हा देश फ्रान्सच्या सत्तेतून 1960मध्ये स्वतंत्र झाला, तरी तिथले शिक्षण अजून मुख्यतः फ्रेंचमधूनच चालते, असे वाचनात आले. घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांचा विचार कुणी केलाच नाही का?
— एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा

उत्तर : विचार झाला होता, आणि तोही फार लवकर. ज्याँ दार्द या फ्रेंच शिक्षकाने 1817मध्ये सँ-लुई येथे शाळा उघडली, तेव्हा मुलांना आधी त्यांच्या वोलोफ भाषेत लिहा-वाचायला शिकवून मगच फ्रेंचकडे न्यायचे, अशी पद्धत त्याने स्वीकारली. पुढे त्याने वोलोफचा शब्दकोश आणि व्याकरणही प्रसिद्ध केले. त्याच्यामागे ही पद्धत टिकली नाही आणि वर्गात केवळ फ्रेंच उरली. वसाहतकाळातील अनेक शाळांत मातृभाषेत बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात एखादी वस्तू अडकवीत, आणि तशीच चूक करणारे दुसरे मूल सापडेपर्यंत ती त्याला वागवावी लागे. आपल्या आईची भाषा बोलणे हा अपराध आहे, असे मुलांच्याच हातून मुलांना शिकवणारी ही शिक्षा मला छडीपेक्षा क्रूर वाटते.

स्वातंत्र्यानंतर फ्रेंच हीच राजभाषा राहिली. पहिले राष्ट्राध्यक्ष लेओपोल्ड सेंघोर स्वतः फ्रेंचमधील मान्यवर कवी होते. 1971मध्ये वोलोफ, सेरेर, पुलार, जोला, मांदिंका आणि सोनिंके या सहा भाषांना राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता मिळाली, पण पाठ्यपुस्तक आणि परीक्षा यांची भाषा त्यामुळे बदलली नाही. सहा वर्षांची प्राथमिक शाळा, चार वर्षांचे ‘कोलेज’ (माध्यमिक शाळा), तीन वर्षांचे ‘लिसे’ (उच्च माध्यमिक) आणि शेवटी बाकालोरेआ ही शालान्त परीक्षा, हा सारा फ्रान्सच्या धर्तीचा जिना मूल परक्या भाषेत चढते. गणित अडले की भाषा अडली, हे शिक्षकाला ओळखणे किती कठीण जात असेल, याची कल्पना आपल्याला वर्गातल्या अनुभवावरून असेलच. सुरुवातीच्या इयत्ता राष्ट्रीय भाषांतून शिकवून टप्प्याटप्प्याने फ्रेंचकडे नेण्याचे उपक्रम अलीकडे झाले आहेत. दार्दची वाट ती हीच. याशिवाय ‘दारा’ नावाच्या कुराणशाळा आहेत, आणि अनेक कुटुंबांचा ओढा त्यांच्याकडे असतो.

प्रश्न : सेनेगलची राजधानी डाकार येथील विद्यापीठाला नाव मिळालेले शेख अंता दिओप कोण?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड

उत्तर : ते इतिहासकार आणि भौतिकशास्त्राचे अभ्यासक होते. 1957मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ आरंभी फ्रान्सच्याच विद्यापीठांपैकी एक मानले जाई. शिष्यवृत्तीतील कपातीविरुद्ध 1968च्या मे महिन्यात इथल्या विद्यार्थ्यांनी संप केला, तेव्हा पोलीस आवारात शिरले आणि विद्यापीठ बंद करण्यात आले. दिओप यांनी डाकारमध्ये कार्बन-कालमापनाची, म्हणजे प्राचीन अवशेषांचे वय कार्बनवरून ठरवण्याची, प्रयोगशाळा उभारली, परंतु सेंघोर यांच्याशी राजकीय मतभेद असलेल्या या विद्वानाला 1981पर्यंत विद्यापीठात शिकवता आले नाही. आफ्रिकी भाषांत विज्ञान मांडता येते, हे दाखवण्यासाठी त्यांनी सापेक्षतावादाविषयीचा मजकूर वोलोफमध्ये उतरवला होता. त्यांच्या निधनानंतर, 1987मध्ये, विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले; तिथली व्याख्याने मात्र आजही प्रामुख्याने फ्रेंचमध्येच होतात.