अमेरिकेत वणव्याच्या हवामान अंदाजासाठी वेगळा कायदा कशाला, हवामान खातं आहेच ना?

आहे की, पण घोळ असा की अंदाज देणारी नोआ (हवामान-समुद्राची सरकारी संस्था) वाणिज्य खात्याखाली, फॉरेस्ट सर्व्हिस कृषी खात्याखाली आणि बाकी बरीच सरकारी जमीन इंटिरिअर खात्याकडे, म्हणजे आग एकच आणि साहेब तीन! म्हणून सिनेटर मारिया कँटवेल वगैरेंनी फायर रेडी नेशन अ‍ॅक्ट हे बिल आणलं, त्यात नोआमध्ये वणव्यासाठी खास प्रोग्राम आणि बाकी खात्यांशी ताळमेळ असं आहे. हवा कोरडी आणि वारा जोरात असला की रेड फ्लॅग वॉर्निंग, म्हणजे वणव्याच्या धोक्याचा इशारा, आत्ताही निघते, २०१८ ला कॅलिफोर्नियात पॅराडाइज गाव जळालं तेव्हाही होतीच, तरी ८५ माणसं गेली. त्यामुळे मला तरी अंदाजापेक्षा तो ताळमेळच जास्त महत्त्वाचा वाटतो.